मणक्यातल्या एकाच गादीचं दुसरं ऑपरेशन : आठ महिने झाले

पहिल्या वेळी वाटलं, सुटलो. कमरेतल्या एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली गादी सरकून डावी नस दबली होती. मायक्रोस्कोपखाली तुकडा काढला, दुसऱ्या दिवशी चालायला लागलो. दीड वर्ष नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शिफ्टा केल्या. मग एका सकाळी गॅसची टाकी सरकवताना तीच कळ, कुल्ल्यापासून पावलापर्यंत. गोळ्या, फिजिओ, मणक्यातलं इंजेक्शन यात अडीच महिने गेले. पायाचा अंगठा वर उचलेना, तेव्हा पुन्हा एमआरआय.

या वेळी शिरेतून डाय देऊन. जुन्या ऑपरेशनचा व्रण डायने उजळतो, गादीचा नवा तुकडा सुरुवातीला उजळत नाही. माझ्यात तुकडाच निघाला. नुसता व्रण असता तर पुन्हा कापून फारसं काही हाती लागलं नसतं.

पहिल्या सर्जननी दहा मिनिटांत स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायचं सांगितलं, खर्चाचा कागदही दिला. पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढायचा का, विचारलं तर म्हणे गरज नाही. तिथेच मन फिरलं. दुसऱ्या सर्जननी तो काढला. मणका जागचा हलत नव्हता. मग एकच विचारलं, ‘जास्त दुखतं कुठं, कमरेत की पायात?’ पायात म्हटल्यावर म्हणाले, मग फक्त तुकडा काढू. मणका सैल असेल, कंबरच जास्त छळत असेल किंवा गादी वारंवार सरकत असेल, तर जोडायचा विचार. जोडलं की शेजारच्या गाद्यांवर भार वाढतो. बाजूने दूरबीण घातली तर जुना व्रण टळतो, पण माझा तुकडा खाली घसरलेला होता, म्हणून तो मार्ग त्यांना पटला नाही.

व्रणामुळे नसांचं आवरण फाटायचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, हे सहीआधीच सांगितलं होतं. माझं थोडं फाटलंच. टाके घातले, दोन दिवस सपाट झोपून. मान वर केली की डोकं ठणकायचं. हे दोन दिवस ऑपरेशनपेक्षा वाईट.

पायातली कळ भूल उतरली तेव्हाच गेलेली होती. अंगठ्यात जोर यायला चार महिने लागले. पावलावरचा बधिरपणा आहे तसाच, चप्पल निसटली तरी कळत नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज चालतो, कामावर सिटीलिंक बसने जातो. द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी घालायची हिंमत अजून नाही. पांडवलेणी चढलो, उतरताना मात्र कंबर बोलली.

लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. तिसऱ्यांदा सरकली तर बहुधा स्क्रूच. टाकी आता पोरगा उचलतो.