दोनदा जेवायचं की मोजून खायचं?

वजन उतरवायचं म्हटलं की आपल्याकडे जळगाव-धुळ्याकडे फिरून फिरून दोन सल्ले कानावर येतात. पहिला: दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही नको. ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे गावोगाव पोचली. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ठरवायच्या, 55 मिनिटांत जेवण आटपायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरा सल्ला: तीनदा जेवा, पण मोजून. याचा प्रचार कुणी करत नाही. ओट्यावर काही शे रुपयांचा डिजिटल वजनकाटा ठेवायचा, एवढीच त्याची पूंजी.

पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही पद्धती सारख्याच जोरात चालतात, म्हणून तेव्हाच्या आकड्यावर निवड करू नये. खाणं कमी झालं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. तेच निघून जातं. आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटणाऱ्याचं बरंचसं पाणीच उतरलेलं असतं. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. रोज 500 ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलो, हा खरा वेग. तोही पुढे मंदावतो, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी.

दोन वेळांच्या पद्धतीची जमेची बाजू मोठी आहे. ती खाण्याचे प्रसंगच कापते. सकाळचे पोहे, अकराची शेव, चारचे केळीचे वेफर्स, रात्री टीव्हीसमोरचे शेंगदाणे, सगळ्यांना एकदम कुलूप. मूठभर शेंगदाणे म्हणजे 30 ग्रॅम, 170 कॅलरी. पन्नास ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशे. ज्याचं तोंड दिवसभर चालू असतं त्याला नुसत्या या कुलपाने पाच-सहाशेची तूट मिळते. शिवाय स्वयंपाकघरात काही बदलावं लागत नाही. सैपाक करणारीला कुणी ‘तेल किती घातलं’ विचारत नाही. पुरुषमंडळींत ही पद्धत इतकी लवकर पसरली त्याचं निम्मं कारण हेच असावं, असं मला वाटतं. पथ्य याचं, आणि घरात कुणाला ताप नाही.

दर खाण्याला इन्सुलिन वाढतं आणि चरबी साठते, म्हणून कमी वेळा खा, असं इन्सुलिनचं गणित सांगून ही पद्धत समजावतात. त्यावर वाद घालत नाही. पण एकूण कॅलरी सारख्या ठेवून दोन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या, की वजनात फारसा फरक उरत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसतं. घड्याळ हे कमी खायचं एक साधन आहे. काहींना ते छान लागू पडतं.

गळती होते ती ताटात. वरण-बट्टीचा बेत घ्या. एका मध्यम बट्टीत 60-70 ग्रॅम पीठ, वर मोहन, वाफवून कापून तळली तर शोषलेलं तेल. ती कुस्करून वरून दोन चमचे तूप. एक बट्टी चारशेच्या घरात जाते. सकाळी अकरानंतर पोटात काही नसलेला माणूस रात्री आठला बसतो तेव्हा चार बट्ट्यांवर थांबत नाही, आणि नियमाप्रमाणे तो चुकतही नाही, कारण 55 मिनिटं अजून संपलेली नसतात. चार बट्ट्या आणि वरण म्हणजे सतराशेच्या पुढे. बैठं काम करणाऱ्या माणसाला वजन उतरवताना अख्ख्या दिवसाला तेवढंच पुरायला हवं. शेवभाजीचंही तसंच: शेव आधीच तळलेली, रश्शावर बोटभर तर्री, आणि तर्रीत बुडवायला पाव. ‘दोनदाच जेवतो तरी काटा हलत नाही’ म्हणणाऱ्याने आपली रात्रीची थाळी एकदा नीट बघावी.

आता मोजण्याकडे. यात लोक सगळंच मोजायला जातात आणि आठ दिवसांत कंटाळतात. मोजायच्या वस्तू तीनच: पीठ, तेल आणि डाळ-दाणे. पालेभाजी, वांगी, गिलके, काकडी मोजू नका. त्यांनी कुणी जाड होत नाही. भरताच्या वांग्यात 100 ग्रॅमला 25 कॅलरी असतात. भरीत जड होतं ते फोडणीच्या तेलाने आणि वरून घातलेल्या दाण्यांनी.

पीठ कोरडं असताना मोजा. भाकरी झाल्यावर मोजली तर पाणीही वजनात येतं आणि हिशोब फसतो. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ 60 ग्रॅम घेतलं तर दोनशेच्या आसपास कॅलरी होतात, आणि ज्वारीत पाचवा हिस्सा उडीद असेल तर सात-आठ ग्रॅम प्रथिनं. आपल्याकडच्या ऐसपैस भाकरीत मात्र सहज 100 ग्रॅम पीठ जातं. ‘दोनच भाकरी खाल्ल्या’ या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही. उंडा केवढा होता ते सांगा. चार दिवस पीठ मोजून उंडा केला की हाताला माप कळतं, मग काटा लागत नाही. डाळ कच्ची मोजा. 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीचं वाटीभर घट्ट वरण होतं, त्यात 100 कॅलरी. शिजलेल्या वरणाच्या वजनाला कच्च्या डाळीचा आकडा लावणं ही सर्रास होणारी चूक. मग माणूस घाबरून डाळच सोडतो, म्हणजे जी धरायची तीच.

तेलाचं मात्र खरोखर अवघड आहे, कारण भांडं सगळ्यांचं एक. पळीने तेल घालणाऱ्या हाताला ‘15 मिलिलिटर’ सांगून उपयोग नाही. मग मोजायचं ते भाजीच्या आधी. सकाळी दिवसाचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचं: माणशी 20 ग्रॅम, चार जणांच्या घरात 80 ग्रॅम, म्हणजे साधारण 90 मिलिलिटर. फोडणी, ठेचा, तव्यावर फिरवायचं, सगळं त्यातूनच. बाटली संध्याकाळी सातलाच रिकामी झाली तर त्या रात्री मुगाचं वरण आणि भाकरी. आधी घरात किती जातं ते बघायचं असेल तर डब्याकडे जा. 15 किलोचा डबा पाच माणसांत दोन महिने पुरत असेल तर माणशी रोज 50 ग्रॅम तेल, म्हणजे 450 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेवढ्यात सव्वा मोठ्या भाकरीहून थोडं जास्तच पीठ बसतं. रस्सा झाल्यावर दहा मिनिटं न ढवळता ठेवला तर तर्री वर येते. ती पळीने काढून दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला वापरता येते. चव जात नाही, मसाला खालीच असतो.

अर्थात यात घरच्या माणसाची साथ लागते, आणि ती हक्काने मागायची गोष्ट नाही. बाटली भरण्याचं आणि पीठ मोजण्याचं काम ज्याला वजन उतरवायचंय त्याने स्वतः करावं. पहिले चार आठवडेच ते रोज लागतं.

दिवसाचा आराखडा असा धरता येईल: कळण्याचं पीठ 180 ग्रॅम, तूरडाळ 50, मूग किंवा मटकी 40 (कोरडी), तेल 20, शेंगदाणे 25, गाईचं दूध-दही मिळून 300, एक केळं, भाज्या पोटभर. हे साडेसोळाशे कॅलरींच्या आसपास जातं आणि प्रथिनं सुमारे 65 ग्रॅम मिळतात. पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या बैठ्या पुरुषाला हे चालावं. बाईला पिठातून 60 आणि दाण्यातून 10 ग्रॅम काढावे. बाराशेच्या खाली आपल्या मनाने कुणी जाऊ नये. प्रथिनांवर भर एवढ्यासाठी, की ती कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की पुढे तेच खाणं अंगी लागतं.

इथवर दोन्ही पारडी जवळपास सारखीच वाटतात. माझं पारडं झुकलं ते एका कप चहाने.

दोन वेळांच्या पद्धतीत दूध-साखरेच्या चहाला दोन जेवणांच्या मध्ये जागा नाही. कोरा, बिनसाखरेचा चालतो, पण तो घरी. आपल्याकडे पाहुणा दारात आला की पाण्याचा तांब्या आणि मागोमाग चहा. दुकानात हिशोबाला बसलं की चहा, शेतात मजुरांसोबत चहा, मुलगी बघायला गेलं की चहा, दवाखान्यात कुणाला भेटायला गेलं तरी बाहेर टपरीवर चहा. ‘नको’ म्हटलं की समोरचा आधी साखरेचा आजार विचारतो, मग रुसवा कशाचा ते विचारतो, आणि शेवटी ‘घोटभर तरी ल्या ना भाऊ’. पहिला महिना माणूस निभावतो. तिसऱ्या महिन्यात एका घरी घेतो. घोट तो काय, पण नियम असा की एकतर पाळला नाहीतर मोडला, मधलं काही नाही. आणि मोडलाच आहे तर सोबतची खारी का सोडा? संध्याकाळी भजी का सोडा? उद्यापासून परत सुरू. हा ‘उद्या’ आठवड्यातून चारदा यायला लागला की पद्धत संपली. ती संपवायला पंगत लागत नाही, एक कप पुरतो.

मोजण्यात त्या कपाला खातं आहे. घरचा कप: 60 मिलिलिटर म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर, मिळून शंभरच्या आसपास. असे चार झाले तर चारशे, आणि अनेकांच्या वाढलेल्या पोटाचं कोडं तिथेच सुटतं. पण दोन कप ठेवायचे ठरवले, साखर पंधरा-पंधरा दिवसांनी दोन चमच्यांवरून एक, एकावरून अर्धा केली, दूध गाईचं घेतलं, तर दोन्ही कप मिळून शंभर-सव्वाशेत बसतात. तेवढं ताटातून अर्धी भाकरी मागे सरकवून भरून निघतं. घरी घ्यायचा दुसरा कप बाहेरच्या नावे लावता येतो. कुणाला दुखवावं लागत नाही आणि दिवस मोडल्यासारखाही वाटत नाही. हा फरक आकड्यात मांडता येत नाही, पण दहाव्या महिन्यातही पद्धत चालू आहे की नाही हे त्यावरच ठरतं.

तरीही काहींनी दोन वेळाच घ्याव्यात असं मला वाटतं. जो खानावळीच्या डब्यावर आहे त्याच्या हातात तेलाची बाटली नाही, घड्याळ तेवढं आहे. ज्याचं दुकान ठराविक वेळेला उघडतं-मिटतं आणि ज्याला अधूनमधून चरायची सवय आहे त्यालाही ती सोपी जाते. त्याने फक्त ताटाला हद्द घालावी: भाकऱ्या आधी वाढून घ्यायच्या, दुसऱ्यांदा पातेल्याकडे वळायचं ते भाजी-वरणासाठीच. भुसावळच्या रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीने काम करणाऱ्याचं मात्र जमणं कठीण. आज रात्रपाळी, परवा सकाळपाळी, यात ठरलेली भुकेची वेळ टिकत नाही. मोजलेला डबा कुठल्याही पाळीला चालतो.

आणि एका गटाने ही निवड स्वतः करूच नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण वगळलं की साखर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा, मग वेळा बदलायच्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी दोन्हींतलं काहीच आपल्या मनाने सुरू करू नये.

चालणं दोन्हींत सारखंच. 45 मिनिटांच्या चालीने दीडशे-दोनशे कॅलरी जातात, म्हणजे जेमतेम मूठभर दाणे. खाणं न बदलता नुसत्या चालण्याने वजन उतरवायचं तर वर्ष जाईल. पण उतरलेलं टिकवायला चालण्यासारखं दुसरं काही नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी साताच्या आत आटपा, पारा 44-45 ला जाणाऱ्या मुलखात संध्याकाळी सहालासुद्धा रस्ता भाजत असतो. त्या दोन महिन्यांत घरातच खुर्चीवरून उठ-बस आणि भिंतीला हात टेकून जोर, दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. स्नायूंसाठी हे एरवीही लागतंच.

वजन आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचानंतर, काही न खाता बघा आणि तिन्हींची सरासरी लिहा. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं ते मीठ आणि पाणी. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. पुरुषांत 90 सेंटीमीटर आणि बायकांत 80 च्या आत आणायची.

ठरवलेलं वजन आलं की दोन वेळांवाल्याला पुढचं पाऊल सापडत नाही. तिसरं जेवण सुरू करावं तर एकदम पाचशे कॅलरी वाढतात. मोजणाऱ्याला आठवड्याला शंभर वाढवता येतात: आधी अर्धी भाकरी, मग एक केळं, मग दाणे, आणि सरासरी जिथे स्थिर होईल तिथे थांबायचं. तोवर काटा कपाटात गेलेला असतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खायच्या असतात, मरणानंतरच्या गंधमुक्तीची पंगत टाळता येत नाही, लग्नसराई दोन महिने चालते. हे सगळं होऊ द्यावं. सरासरी ठरलेल्या वजनापेक्षा दोन किलोने वर गेली, की काटा परत ओट्यावर आणि तेलाची बाटली परत 80 ग्रॅमवर, दोन आठवडे. चहा तेव्हाही दोनदा.