जोडी पडणारच नव्हती

जोतिबाच्या चैत्र यात्रेहून परतताना माझे दीड हजार रुपये गेले. ज्या हिशोबाच्या भरवशावर ते लावले तो हिशोब बरोबर होता, म्हणूनच हे लिहितोय.

डोंगर उतरताना वाटेत एकजण सतरंजीवर लाल आणि पांढरा असे दोन फासे घेऊन बसला होता. दोन्हींवर सारखा आकडा, म्हणजे जोडी पडली तर ५० ला ५००. माझ्यासमोरच एकाला लागोपाठ दोनदा जोडी पडली. "लावा की पाव्हणं!" मी दहावीच्या शिकवण्या घेतो, संभाव्यतेचा धडा तोंडपाठ. दोन फाशांच्या नमुना अवकाशात, म्हणजे पडू शकणाऱ्या सगळ्या निकालांत, ३६ घटक, त्यांत जोड्या ६. म्हणजे सहात एक. ३० डावांत साधारण पाच जोड्या, १५०० लावून २५०० परत. खरं तर ५० ला ३०० दिले की हिशोब बरोबरीत सुटतो. हा ५०० का देतोय, हे मी तिथंच विचारायला हवं होतं.

तीस डाव झाले, एकही जोडी नाही. इतक्यांदा हुकली, आता पडेलच, असं दर डावाला वाटायचं. फाशाला मागचं काही आठवत नसतं, हे मीच मुलांना शिकवतो. खऱ्या फाशांनी तीस डाव कोरडे जाणं हजारात चारेक वेळा घडतं, म्हणून घरी येईपर्यंत मी नशिबालाच बोल लावत होतो.

माझी नववीतली लेक मात्र भडंगाच्या पुडीच्या कागदावर प्रत्येक डाव लिहीत होती. रात्री म्हणाली, "पप्पा, बेरीज एकदाही सम नाही आली." तेलकट कागदावर ओळीनं आकडे होते: लाल ५ पांढरा ६, लाल ३ पांढरा ४, लाल १ पांढरा २. लालवर फक्त १, ३, ५ आणि पांढऱ्यावर फक्त २, ४, ६. खऱ्या फाशांच्या ३६ पैकी १८ बेरजा सम असतात. तीसच्या तीस विषम येण्याची शक्यता १०७ कोटींत एक!

असे फासे मुद्दाम बनवतात. समोरासमोरच्या बाजूंवर एकच आकडा असतो. आपल्याला फाशाच्या एका वेळी तीनच बाजू दिसतात, त्यामुळं शंका येत नाही. खऱ्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, एवढं उलटून बघितलं तरी पुरतं. ज्याला जोड्या पडल्या तो त्यांचाच माणूस असणार, आणि त्याच्या वेळचे फासे वेगळे.

दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथं कोणी नव्हतं. पोलिसांत जायला कचरलो, कारण जुगार प्रतिबंधक कायद्याखाली खेळणाराही दोषी ठरू शकतो. या लोकांचं नेमकं त्यावरच फावतं.

आता वर्गात दोन फासे आणि तो कागद ठेवतो. परवा मुलांनी १८० वेळा फासे टाकले, जोड्या ३३ पडल्या. मग कागद फिरवला. मागच्या बाकावरच्या मुलीनं दहाव्या ओळीवरच बोट ठेवलं, "सर, इथंच उठायचं होतं."