टेक्सासमध्ये नऊ महिने वेस्टर्न रायडिंग: माझी मांड आणि बिस्किटची पाठ

माथेरानला दस्तुरी नाक्यापासून हॉटेलपर्यंत घोड्यावरून गेले होते, एवढीच माझी पूर्वपुण्याई. तिथेही लगाम घोडेवाल्याच्याच हातात होता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी डॅलसच्या उत्तरेला, डेंटन काउंटीत वेस्टर्न रायडिंग, म्हणजे काउबॉय पद्धतीची घोडेस्वारी, शिकायला सुरुवात केली. आठवड्यातून एक धडा, तासाला ६५ डॉलर. आता नऊ महिने झालेत. इथल्या मराठी मंडळींकडून "कसं आहे गं, मुलीला घालू का?" असं वरचेवर विचारलं जातं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिले तीन महिने ज्या तबेल्यात घालवले त्याचं नाव घेत नाही. तिथे सहा घोड्यांना मिळून दोन खोगिरं होती. कुठलंही कुणावरही चढवायचं. घोडा थांबत नसेल तर सूचना एकच: ओढ. बिट, म्हणजे घोड्याच्या तोंडातली धातूची दांडी, मात्र कर्ब प्रकारचं. कर्ब बिटला तोंडाबाहेर खाली उतरणाऱ्या दांड्या असतात आणि लगाम त्यांच्या टोकाला बांधलेला असतो. त्यामुळे तरफेच्या न्यायाने हातातली थोडीशी ओढ तोंडात दामदुपटीने पोचते आणि हनुवटीखालची साखळीही आवळली जाते. हे बिट मुळात स्थिर हाताच्या, एका हाताने सैल लगाम धरणाऱ्या स्वारासाठी आहे. दुडक्या चालीत तोल गेला की लगामालाच लटकणाऱ्या माझ्यासारखीसाठी नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. घोडा मान झटकायचा आणि मी त्याला हट्टी म्हणायचे.

दुसऱ्या तबेल्यातल्या शिक्षिका साठीच्या पुढच्या. त्यांना पहिल्या नावाने हाक मारायला जीभ वळेना. मनात मी अजून त्यांना बाईच म्हणते. बाईंनी पहिले चार धडे लगाम दिलाच नाही. बिस्किट नावाची क्वार्टर हॉर्स जातीची घोडी लांब दोरीवर गोल फिरतेय, मी दोन्ही हात पसरून वर बसलेय, आणि हॉर्नला हात लावायचा नाही. खोगिराच्या पुढची ती मूठ दोरखंडाचा वेढा घालायला असते, गुरं पकडणाऱ्यांसाठी. आम्ही नवशिके तिला बसच्या दांड्यासारखे धरतो. ती ओढली की खांदे पुढे पडतात आणि मांड सुटते.

माझा खरा दोष श्वासाचा निघाला. जॉग म्हणजे वेस्टर्नमधली सावकाश दुडकी. ती सुरू झाली की मी श्वास कोंडायची, गुडघे आवळायची आणि बटाट्याच्या पोत्यासारखी आदळायची. बाई म्हणाल्या, काहीतरी मोठ्याने म्हणत राहा. ऐन वेळी तोंडात आला सतराचा पाढा. "सतरा चोक अडु... स... ष्ट." आवाजाचे तुकडे पडत होते, म्हणजे बूडही तितकंच आदळत होतं. बाईंना पाढ्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कुठे अडले ते बरोबर कळायचं. तिसऱ्या आठवड्यात "सतरा नव्वे त्रेपन्नाशे" एका सुरात निघालं, तेव्हा बिस्किटने एक कान मागे वळवला आणि मान खाली सोडली. त्या एका कानाचे ६५ डॉलर वसूल.

दुसरी दुरुस्ती रिकिबींची. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवेत. मी खुर्चीत बसल्यासारखी पाय पुढे टाकून बसायची, म्हणजे सगळं वजन खोगिराच्या मागच्या भागावर, पर्यायाने घोडीच्या कमरेवर. थोडा दोष खोगिराचाही होता. वेस्टर्न खोगिराचे रिकिबींचे पट्टे रुंद, जाड चामड्याचे असतात. नवे असले की ते सपाट लोंबतात आणि गुडघा पिळतात. इलाज घरगुती आहे: पट्टे ओले करायचे, रिकिबी बाहेर वळवून दोन्हींतून झाडूचा दांडा आरपार घालायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. माझी गुडघेदुखी दोन आठवड्यांत गेली.

आता माझी घोडचूक. पाचव्या महिन्यात तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बिस्किट दात दाखवायला लागली. तबेल्यातल्या मदतनीस मुली म्हणाल्या, "घोडी आहे, मूडी आहे." मला तिची दया आली आणि मी ऑनलाइन सगळ्यात जाड, जेलवालं पॅड मागवलं, ११० डॉलरचं. मराठीत खोगीरभरती हा शब्द उगाच नाही. आधीच घट्ट बसणाऱ्या खोगिराखाली जाड पॅड घालणं म्हणजे घट्ट बुटात दोन जोड मोजे घालणं. खोगीर वर उचललं गेलं, डुलायला लागलं, आणि ते डुलू नये म्हणून मी तंग आणखी आवळला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी खोगीर उतरवलं तर पाठ घामाने चिंब, आणि खांद्याच्या उंचवट्यालगत दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे ठिपके. बाईंनी तिथे बोटं दाबली तशी घोडीची पाठ खचली. ओल्या पाठीवर असा कोरडा तुकडा म्हणजे एकतर तिथे खोगीर टेकतच नाही, नाहीतर इतकं दाबतं की घामच फुटत नाही. इथे दाबतच होतं.

मग पाऊण इंची लोकरी नमद्याचं साधं पॅड आणलं आणि मधला भाग खोगिराच्या पोकळीत वर ओढून ठेवायला शिकले. खोगीर खांद्याच्या हाडामागे दोन बोटं सरकवलं. तंग आता तीन टप्प्यांत: आधी हलका, मग चार पावलं चालवून, मग चढण्याआधी शेवटचा. चढतेही स्टुलावरूनच, कारण जमिनीवरून चढताना सगळं खोगीर एका बाजूला ओढलं जातं. मालकांनी पशुवैद्याकडून अल्सरची तपासणीही करून घेतली, तो नव्हता. सहा आठवड्यांत दात दाखवणं थांबलं. मूडी घोडी म्हणे!

वजनाचा प्रश्न सगळेच दबक्या आवाजात विचारतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत, असा प्रचलित ठोकताळा आहे. ओहायोत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २५ आणि ३० टक्क्यांना घोड्यांचे स्नायू जास्त दुखावलेले दिसले. बिस्किट ४८० किलोंची, मी ६८, खोगीर १५. बसतं. पण आदळणारे ६८ किलो आणि तोल सांभाळणारे ६८ किलो पाठीला सारखे नसतात.

स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यांची स्वारीखालच्या घोड्याच्या वेदना ओळखण्याची २४ वर्तनांची यादी आहे. आठ किंवा जास्त दिसली तर दुखणं असण्याची शक्यता मोठी. मी काही तज्ज्ञ नाही, पण नवऱ्याने काढलेले जुने व्हिडिओ त्या यादीसमोर ठेवून पाहिले: मागे चिकटलेले कान, आपटणारी शेपटी, उघडं तोंड. नऊ मोजले आणि फोन बाजूला ठेवला. परवाच्या व्हिडिओत तीन.

मुलीला घालायचं असेल तर पहिल्या दिवशी पैसे भरू नका. आधी कुणाचा तरी धडा संपेपर्यंत थांबा आणि खोगीर उतरवल्यावर घोड्याची पाठ बघा. प्रत्येक घोड्याचं खोगीर वेगळं आहे का विचारा. नवशिक्यांना लांब दांड्यांचं कर्ब देत असतील तर गाडी वळवा.

माझ्यापुरतं सांगायचं तर पुढच्या दहा धड्यांचे पैसे भरलेत. उजव्या बाजूची लोप, म्हणजे वेस्टर्नमधली सावकाश दौड, अजून बिघडलेली आहे, तिथे पाढा बाराच्या पुढे जात नाही. जेलचं पॅड विकायला काढलंय, ४० डॉलर. पण कुठल्या खोगिराखाली घालणार ते आधी सांगावं लागेल.