क्लूडो: खुनी सापडतो, खुनाचं कारण सापडत नाही

रहस्यकथांचं वेड असलेल्या माणसाला कधी ना कधी क्लूडो या पटावरच्या खेळाचा डबा भेट मिळतोच. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या आणि डॉक्टर ब्लॅक यांचा मृतदेह. पट मांडून पहिला डाव खेळलात की लक्षात येतं, इथे प्रश्न तीनच आहेत: खून कुणी केला, कशाने केला, कुठे केला. का केला, हे कुणी विचारतच नाही. तर्काची तालीम म्हणून हा खेळ अव्वल आहे, आणि खोट्या आरोपाबद्दल त्यात एक फार मोलाचा नियम आहे. हेतू मात्र आपल्यालाच घालावा लागतो. तो कसा घालायचा, हे शेवटी सांगितलं आहे.

अँथनी प्रॅट या इंग्रज पियानोवादकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा खेळ रचला. १९४४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पण युद्धानंतरच्या टंचाईमुळे वॉडिंग्टन्स कंपनीकडून खेळ बाजारात यायला १९४९ उजाडलं. त्या काळी ब्रिटनमध्ये खुनाला फाशी होती. तरी पटावर ना तुरुंग आहे ना न्यायालय. उत्तराचे तीन पत्ते ठेवलेलं पाकीट उघडून आरोप बरोबर निघाला की खेळ संपतो.

एकूण पत्ते २१. संशयितांचे ६, हत्यारांचे ६, खोल्यांचे ९. तिन्ही गठ्ठे वेगवेगळे पिसायचे, प्रत्येकातला एकेक पत्ता न बघता पाकिटात घालायचा, मगच उरलेले १८ एकत्र पिसून वाटायचे. घाईत सगळे पत्ते आधीच एकत्र पिसले जातात आणि पाकिटात दोन खोल्या जाऊन बसतात. मग डाव अर्ध्यात मोडावा लागतो. सुरुवातीला ६ × ६ × ९ म्हणजे ३२४ शक्यता असतात. तिघे खेळत असाल आणि तुमच्या हातात प्रत्येक प्रकारचे दोन-दोन पत्ते आले, तर पहिल्या फाशाआधीच त्या ४ × ४ × ७, म्हणजे ११२ वर येतात. सहा जण असतील तर हाती तीनच पत्ते, आणि आपली पाळी येईपर्यंत बराच वेळ बसून राहावं लागतं. चौघांत डाव सर्वात चांगला रंगतो. फक्त तेव्हा दोघांना पाच आणि दोघांना चार पत्ते जातात, म्हणून दर डावाला वाटणारा बदला.

आपल्या पाळीला खोलीत शिरून तुम्ही एक संशयित, एक हत्यार आणि ती खोली यांची नावं घेता, म्हणजे संशय घेता; इतरांपैकी ज्याच्याकडे त्यातला पत्ता असेल, तो एक पत्ता फक्त तुम्हाला दाखवतो. नवशिके ज्या तीन गोष्टींबद्दल काहीच माहीत नाही, त्याच विचारतात. त्यापेक्षा स्वतःकडचे पत्ते मिसळून विचारा. समजा, लायब्ररी आणि दोरी हे दोन्ही पत्ते तुमच्याकडे आहेत. लायब्ररीत जाऊन ‘कर्नल मस्टर्ड, दोरी, लायब्ररी’ असा संशय घ्या. कुणी पत्ता दाखवला तर तो मस्टर्डचाच असणार. कुणीच दाखवला नाही, तर मस्टर्ड पाकिटात आहे. इतरांना मात्र तुम्ही नेमकं काय तपासलंत याचा पत्ता लागत नाही.

दुसरी सवय नोंदीची. डब्यातल्या कागदावर बहुतेक जण नुसत्या फुल्या मारतात. मागची कोरी बाजू वापरा आणि दुसऱ्यांच्या पाळीतही लिहा. ‘ग्रीन, सुरी, किचन’ या संशयावर डावीकडच्याने कुणाला तरी पत्ता दाखवला. तुम्ही तो पाहिला नाही, तरी तिघांपैकी एक त्याच्याकडे आहे एवढं पक्कं झालं. पुढे ग्रीन दुसऱ्याकडे निघाला आणि सुरी तुमच्याच हातात असली, तर त्याच्याकडे किचनच असणार. ज्याने पत्ता दाखवला नाही, त्याच्याकडे त्या तिघांतलं काहीच नाही, हेही टिपून ठेवा. एखाद्याने दाखवायचा पत्ता नजरचुकीने दाखवला नाही, तर सगळ्यांच्या नोंदी चुकतात आणि ते कळतं शेवटी. म्हणून ‘नाही’ म्हणण्याआधी तिन्ही नावं पुन्हा एकदा हातातल्या पत्त्यांशी ताडून पाहा.

इथे दोष सिद्ध होत नाही. एकेकाचं निर्दोषत्व सिद्ध होत जातं, आणि जो उरतो तो दोषी ठरतो. बंद वाड्यातल्या रहस्यकथांची मांडणीही अशीच असते, आणि ती चालते ती संशयितांची यादी पुरी असते म्हणूनच. यादीबाहेरचा सातवा माणूस असू शकत असेल, तर उरलेल्यावर बोट ठेवणं हा पुरावा होत नाही.

संशयाची झळही खेळात दिसते. प्रत्येक खेळाडू एका संशयिताची सोंगटी चालवतो, आणि ज्याचं नाव घ्याल त्याची सोंगटी त्या खोलीत ओढली जाते. बिचारा खेळाडू चार पाळ्या फासे टाकत बॉलरूमच्या दारापर्यंत आलेला असतो, आणि एका वाक्यासरशी पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. तो निर्दोष असला तरी भरपाई काही मिळत नाही.

ज्या नियमासाठी हा खेळ आवर्जून घ्यावा, तो आरोपाचा. संशय कितीही वेळा घ्या, आरोप, म्हणजे पाकिटात कोणते तीन पत्ते आहेत हे ठामपणे सांगणं, एकदाच करता येतो. तो चुकला तर शिक्षा आरोप करणाऱ्याला: त्याला पुढे जिंकता येत नाही, फक्त इतरांना पत्ते दाखवत बसावं लागतं. रहस्यकथांत चुकीच्या संशयाची किंमत बहुधा संशयिताला मोजावी लागते. इथे ती बोट दाखवणाऱ्याकडून वसूल होते. दोन शक्यता उरल्या असताना उतावीळपणे पाकीट उघडणारा हमखास यात सापडतो.

आता उणीव. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांतला सातवा सांगतो की गुप्तहेर स्वतः खुनी असता कामा नये. क्लूडोत तो असू शकतो. तुमच्या सोंगटीचा पत्ता तुमच्या हातात नसेल, तर खून तुम्हीच केलेला असण्याची शक्यता उरते, आणि तुम्हाला स्वतःचाच माग काढावा लागतो. केवढी विलक्षण जागा! पण खेळ तिचं काहीच करत नाही, कारण चिठ्ठी टाकून ठरलेल्या खुन्याला हेतू नसतो, आणि हेतूशिवाय अपराधीपणही येत नाही. नव्या आवृत्त्यांत पात्रांना थोडी पार्श्वभूमी दिलेली आढळते. तर्कावर तिचा परिणाम होत नाही.

हेतूंचे सहा पत्ते बनवून चौथा गठ्ठा करावा, असं कुणालाही सुचेल. तो करू नका. शक्यता १,९४४ होतात, डाव लांबतो, आणि हेतू पुन्हा चिठ्ठीनेच ठरतो. त्याऐवजी आरोप करणाऱ्याने पाकीट उघडण्याआधी तीन वाक्यं सांगावीत: मृताशी नातं काय, खुनाने काय मिळणार किंवा काय वाचणार, आणि खून आजच का. मग नाव बदलून बघा. ‘प्लमने पैशासाठी मारलं’ यात मस्टर्ड घातला तरी वाक्य तसंच उभं राहतं, म्हणजे हेतू कच्चा. ‘ब्लॅक यांच्या नावावर छापलेलं संशोधन प्लमचं होतं, आणि मूळ कागद ते उद्या जाळणार होते’ हे वाक्य प्लमशिवाय कुणाला लागू पडत नाही, आणि उद्यापर्यंत थांबतही नाही.

हत्यारालाही बोलू द्या. रिव्हॉल्वर कुणीतरी मुद्दाम जवळ बाळगलेलं असतं. मेणबत्तीचा स्टँड त्या क्षणी हाताशी आलेला असतो. दोरीने जीव घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात थांबताही आलं असतं. कायदा हेतू आणि इरादा वेगळे धरतो: खून का केला हे सिद्ध झालं नाही तरी शिक्षा होऊ शकते, जीव घेण्याचा इरादा होता की नाही हे मात्र पाहावंच लागतं. तीन वाक्यांत हा इरादा हत्याराशी जुळला नाही, तर बाकीच्यांनी हरकत घ्यावी.

त्यानंतर हात वर करून मतदान. मतं समान पडली तर निकाल आरोप करणाऱ्याच्या बाजूने. हेतू पटला नाही तर पाकीट उघडायचं नाही, त्याची ती पाळी गेली, पण तो खेळात राहतो. मात्र हेतू आयत्या वेळी सुचवत बसलात तर खेळ रेंगाळतो. दुसऱ्यांच्या पाळ्या चालू असतानाच तो कागदाच्या मागे लिहीत चला. सहा जणांच्या डावातला कंटाळाही त्याने जातो.

पाकिटातून ज्याच्या सोंगटीचा पत्ता निघेल, त्याला शेवटी एक वाक्य बोलू द्या. कबुली असो की सबब, त्यावर मतदान ठेवू नका.