पद्मिनीच्या ब्रेकवर ६८,५०० घालवले, गळती होती तिथेच

वडिलांची १९८६ची प्रीमिअर पद्मिनी आहे आमच्याकडे. गेल्या नोव्हेंबरात पेडल खाली जायला लागलं. दोनदा पंप केल्याशिवाय ब्रेक धरत नव्हता. डिसेंबरात पुतणीचं लग्न होतं आणि नवरी याच गाडीतून निघणार, असं वडील असल्यापासून ठरलेलं. म्हणून घाई होती. ही घाईच गॅरेजवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखली.

ओळखीतल्या एकाने सुचवलेलं गॅरेज. जुन्या गाड्यांचेच काम, भिंतीवर फोटो, गोड बोलणं. "काका, चारही ड्रम बाद झालेत. टॅक्सीच बंद झाल्या, आता पद्मिनीचा पार्ट मिळणार कुठून? पुढे डिस्क टाकून घ्या, आयुष्यभर बघायला नको." (ड्रम म्हणजे फिरत्या भांड्याला आतून शू दाबून थांबवणारा जुना ब्रेक, डिस्क म्हणजे फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा.) मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली हे मी स्वतः पेपरात वाचलं होतं, त्यामुळे ते पटलं. शिवाय ब्रेकचा प्रश्न. घरची माणसं बसणार त्या गाडीत काटकसर कोण करेल? तुम्ही केली असती?

३०,००० आगाऊ, मग "किट आलं" म्हणून २२,५००, दोन्ही ऑनलाइन, पण गॅरेजच्या नावावर नव्हे, कुणा नातेवाइकाच्या खात्यावर. शेवटचे १६,००० रोख. एकूण ६८,५००. हातात काय, तर कच्ची चिठ्ठी, तीही शिक्क्याशिवाय. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल काका". तिथेच गाडी परत आणायला हवी होती.

पण मला छळतं ते दुसरंच. गाडी द्यायच्या आदल्या आठवड्यात आमच्या पोर्चमधल्या फरशीवर एक डाग होता. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढा. मी बोट लावून पाहिलं, बुळबुळीत होतं. टायरच्या आतल्या भिंतीवरही ओघळ होता. मी स्वतः ती फरशी साबणाने धुतली! ब्रेक ऑइल मागच्या चाकातून गळतंय आणि हा माणूस पुढच्या चाकांना डिस्क लावायचं बोलतोय, हे दोन धागे मी जोडले नाहीत. गाडी देताना डागाचं सांगितलंही होतं त्याला. "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच," म्हणाला. मागचा ड्रम माझ्यासमोर उघडायला लावला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

गाडी मिळाली तेव्हा पेडल वर आलं होतं, पण दगडासारखं. "डिस्क असंच असतं." लग्न झालं. नंतर लक्षात आलं, दहा किलोमीटर चालवली की पुढच्या चाकांना हात लावता येत नाही. आणि एकोणिसाव्या दिवशी उतारावर पेडल थेट तळाला गेलं. बायको शेजारी होती. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून गाडी कडेच्या मातीत घातली.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी मागचं डावं चाक काढलं. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं, शूवरचं घासणारं लायनिंग तेलात भिजलेलं, नट गंजलेले. कुणी हातही लावला नव्हता. गॅरेजवाल्याने फक्त वरून ऑइल भरून पाइपातली एअर काढली होती. पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, तर भंगारातले. चांदीच्या रंगाखाली मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर घासला तर गंजाचे खड्डे, आणि एअर काढायच्या निपलच्या कडा झिजून गोल झालेल्या. नव्या मालाचं निपल असं असतं का? मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर पाइपात ऑइल ढकलणारा भाग, जुनाच, ड्रमसाठीचा. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमच्या शूला ओढून घ्यायला स्प्रिंग असते, डिस्कच्या पॅडला तशी नसते, त्यामुळे त्या दाबाने पॅड सतत घासत राहतात. म्हणून चाकं तापत होती. ड्रमचे शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळतात, डिस्कला तो आधार नाही, त्यामुळे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पाय जास्त दाबावा लागतो. डिस्क वाईट नाही. पण मास्टर, बूस्टर, सगळं जुळवून बसवणारा हवा, आणि आधी विचारायचं की दुखणं नेमकं कुठे आहे.

मागचं सिलिंडर आणि लायनिंग मिळून २,३५० रुपये लागले. एवढंच दुखणं होतं. माझे मूळ ड्रम "भंगारात गेले" म्हणे, त्यामुळे पुढचं सगळं जुन्या बाजारातून जमवून परत बसवायला आणखी १९,२००. जुने पार्ट परत हवेत हे काम देतानाच लिहून घ्या, आणि त्यांवर पंच ठोकून खूण करून ठेवा.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा "साहेब राउंडला गेलेत". दुसऱ्यांदा दीड तास बाकावर बसवून "हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा". तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. माणूस उतारावर मेला असता तर मग फौजदारी झालं असतं का? आरटीओत गेलो तर खिडकीवरचा मलाच म्हणतो, "बदल परवानगीशिवाय केलाच कसा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का?" म्हणजे फसवणारा मोकळा आणि दोषी मी! ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे गॅरेजवाल्याने उत्तरच दिलं नाही म्हणून ती बंद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. केला आहे. दोन तारखा झाल्या, दोन्ही वेळा समोरचा गैरहजर. बिल नाही म्हणून माझाच वकील चिंतेत. ऑनलाइन भरलेल्या ५२,५०० चा पुरावा आहे, रोख दिलेल्या १६,००० चा काहीच नाही.

ते दोन्ही कॅलिपर मी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. पुढच्या तारखेला आयोगापुढे तेच घेऊन जाणार आहे, रंग खरवडलेल्या बाजूने.