पतसंस्थेच्या संकेतस्थळाची वार्षिक देखभाल : एका सेवेचे मूल्यमापन

लातूर जिल्ह्यातील ज्या नागरी सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी काम करतो, तिच्या संकेतस्थळाची देखभाल आणि प्रसिद्धी आम्ही लातुरातीलच एका लहान व्यावसायिक गटाकडे वार्षिक कराराने सोपवली आहे. कराराचे पहिले वर्ष पूर्ण होत आले असून, मराठवाड्यातील इतर पतसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या सेवेविषयी लिहीत आहे. गेल्या काही वर्षांत बीड आणि छत्रपती संभाजीनगरसह आपल्या विभागातील पतसंस्था व मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी) संस्था अडचणीत आल्या, शाखांना कुलुपे लागली आणि आयुष्यभराची पुंजी अडकलेले ठेवीदार मोर्चे काढू लागले. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. त्यामुळे सोयाबीनचे पैसे हाती आलेला शेतकरी किंवा नुकताच निवृत्त झालेला शिक्षक आता शाखेत येण्यापूर्वी मोबाइलवर संस्थेची माहिती पाहतो, नाहीतर मुलाला पाहायला सांगतो. त्याला तेथे काय वाचायला मिळते, या कसोटीवर मी ही सेवा तपासली.

काम हाती घेताना या गटाने सर्वप्रथम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, कोणाच्या नावावर आहे हे तपासले, आणि हीच त्यांची सर्वांत मोलाची कामगिरी ठरली. आधीच्या विकासकाने ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. म्हणजे त्याने नूतनीकरण केले नसते, तर संस्थेचा पत्ताच दुसऱ्या कोणाच्या हाती गेला असता. पाठपुरावा करून त्यांनी डोमेन व होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) संस्थेच्या नावावर आणले, पासवर्ड सीलबंद पाकिटात मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत ठेवायला लावले आणि नूतनीकरणाच्या तारखा मंडळाच्या ठरावात नोंदवून घेतल्या. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्रांपैकी मोफत मिळणारी अनेक प्रमाणपत्रे ९० दिवसांत संपतात. त्यांचे नूतनीकरण आता आपोआप होते. पूर्वी ते राहून जाई, आणि ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी सूचना सभासदांच्या पडद्यावर झळके. पैशाचा व्यवहार करणाऱ्या संस्थेच्या नावापुढे अशी सूचना येणे किती घातक आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मजकुराच्या बाबतीत झालेले कामही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. आपल्याकडील बहुतेक पतसंस्था वार्षिक अहवाल श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये छापखान्यातून तयार करून घेतात आणि तीच पीडीएफ संकेतस्थळावर चढवतात. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण शोधयंत्राला त्यात निरर्थक रोमन अक्षरांखेरीज काही सापडत नाही. शिवाय मोबाइलवर ती वाचण्यासाठी पान सतत मोठे करून सरकवत राहावे लागते. या गटाने ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षण वर्ग (लेखापरीक्षकाने दिलेली श्रेणी), स्वनिधी, ढोबळ व निव्वळ एनपीए (थकीत कर्जे), सीडी रेशो (ठेवींच्या तुलनेत दिलेल्या कर्जांचे प्रमाण) ही सर्व माहिती युनिकोड मराठीत, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर व शोधयंत्राला वाचता येणाऱ्या अक्षरांत, साध्या तक्त्यांच्या रूपात पानावरच मांडली आणि प्रत्येक तक्त्यावर ‘अमुक तारखेअखेर’ असा स्पष्ट उल्लेख केला. मागील वर्षांचे आकडे काढून न टाकता शेजारी ठेवावेत, हा आग्रह त्यांचाच होता. एनपीए वाढलेल्या वर्षाचा आकडाही दिसत राहणार म्हणून मंडळात त्यावर बरीच चर्चा झाली. परंतु चढ-उतार दाखवणारी संस्था ठेवीदाराला अधिक विश्वासार्ह वाटते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचनाही आता विषयपत्रिकेसह वेळेत प्रसिद्ध होते.

नकाशावरील शाखांच्या नोंदी हा दुर्लक्षित, पण गंभीर विषय आहे. गूगलवरील नोंद संस्थेने ताब्यात घेतली नसेल, तर तेथील दूरध्वनी क्रमांकात त्रयस्थाने सुचवलेला बदल संस्थेच्या नकळत लागू होऊ शकतो आणि फसवणूक करणाऱ्यांना तेवढे पुरते. आमच्या सर्व शाखांच्या नोंदी त्यांनी ताब्यात घेऊन पडताळून दिल्या. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर होऊन काळ लोटला तरी लोक दोन्ही नावांनी शोधतात. म्हणून पत्त्यात अधिकृत नाव ठेवून परिचयाच्या मजकुरात जुन्या नावाचाही उल्लेख केला आहे. आधार व पॅन कार्डाची छायाचित्रे साध्या ईमेलवर मागवणारा कर्जअर्ज त्यांनी स्वतःहून बंद केला, हेही नोंदवायला हवे.

प्रसिद्धीच्या कामाबद्दल मात्र मी समाधानी नाही. सणावाराच्या शुभेच्छा, त्यावर संचालकांची छायाचित्रे आणि महिन्याअखेर भेटींची वाढलेली संख्या दाखवणारा अहवाल, यापलीकडे त्यांची कल्पना जात नाही. ठेवींच्या व्याजदराची जाहिरात समाजमाध्यमांवर सर्वांसाठी खुली करण्याचा त्यांचा प्रस्ताव तर आम्हाला नाकारावा लागला. सभासद नसलेल्यांकडून सहकारी संस्थांनी ठेवी स्वीकारण्याबाबत आणि नावात ‘बँक’ शब्द वापरण्याबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. पतसंस्थेचे काम घेणाऱ्याला ही मर्यादा ठाऊक असलीच पाहिजे. कपड्यांच्या दुकानाची आणि पतसंस्थेची जाहिरात एकाच पद्धतीने करता येत नाही. ‘शंभर टक्के सुरक्षित ठेव’ असे शब्द त्यांच्या मसुद्यात दोन ठिकाणी होते, तेही काढायला लावले. प्रत्यक्षात सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचले ते लेखापरीक्षित आकड्यांचे पान. पिग्मी प्रतिनिधींनी (दारोदार जाऊन रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्यांनी) त्याचा दुवा आपल्या खातेदारांना पाठवला आणि शाखेत येऊन त्यावर प्रश्न विचारणारे सभासद वाढले. सोने तारण कर्जाची कागदपत्रे, वारस नोंदणीची पद्धत, मुदतपूर्व ठेव मोडल्यास मिळणारे व्याज, अशा रोजच्या प्रश्नांची उत्तरे सोप्या मराठीत देणारी पाने तयार करणे हीच या संकेतस्थळाची खरी प्रसिद्धी ठरेल, असे माझे ठाम मत आहे.

शुल्क वाजवी आहे आणि तक्रारीची दखल बहुधा त्याच दिवशी घेतली जाते. दिवाळीच्या सुटीत मात्र कोणीही उपलब्ध नव्हते, आणि ठेवींच्या दृष्टीने तोच आमचा सर्वांत गर्दीचा काळ असतो. देखभालीसाठी हा करार पुढे चालू ठेवावा, सुटीच्या काळातील संपर्काची अट त्यात लेखी घालावी आणि प्रसिद्धीचा भाग करारातून वगळून तिचा मजकूर सहकार कायद्याची माहिती असलेल्या आमच्याच कर्मचाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस मी मंडळाकडे केली आहे.