३२ जीबीचं 'इंडस्ट्रियल' कार्ड निघालं ८ जीबीचं

अंबड, सातपूर, सिन्नरच्या एमआयडीसीत नोंदी साठवणारी छोटी यंत्रं जे कोणी बनवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेमरी कार्डांत आमची फसवणूक झाली आणि ती झाकायला पुरवठादाराने फाईल सिस्टिमवर, म्हणजे कार्डावर फायली मांडण्याच्या पद्धतीवर, खापर फोडलं. पैशांपेक्षा मला त्या खोट्या कारणाचा राग जास्त आहे, कारण त्याच्यामागे आमचा अख्खा हंगाम गेला.

आम्ही द्राक्षबागांसाठी हवामान नोंदवणाऱ्या पेट्या बनवतो. तापमान, आर्द्रता, पाऊस, पान किती वेळ ओलं राहिलं, हे सगळं पेटीतल्या लिनक्स बोर्डाच्या एसडी कार्डावर साठतं. दिंडोरी-निफाडकडे शेतीच्या लाईनचा भरवसा नसतो, म्हणून वीज अचानक गेली तरी नोंदी टिकल्या पाहिजेत ही आमची पहिली अट होती. पुरवठादाराने कोटेशनवर लिहून दिलं: इंडस्ट्रियल ग्रेड, एसएलसी (एका पेशीत एकच बिट ठेवणारी, जास्त टिकणारी मेमरी), ३२ जीबी. वर ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिमबद्दल तोंडी म्हणाला, "साहेब, ईएक्सटी४ टाका. जर्नलिंग आहे, लाईट गेली तरी काही होत नाही." दर साध्या कार्डाच्या कितीतरी पट लावला.

ऑक्टोबर छाटणीनंतर पेट्या एकेक करून बसायला लागल्या. काही कार्डं माउंटच होईनात, म्हणजे बोर्डाला उघडताच येईनात, काहींच्या फायलींत भलत्याच तारखांचे आकडे. डावणी रोगाच्या ऐन दिवसांत शेतकऱ्यांना अंदाजाने फवारण्या कराव्या लागल्या.

तक्रार केली तर उत्तर आलं, "तुमची फाईल सिस्टिमच चुकीची आहे. फ्लॅशला यूबीआयएफएस लागते. आम्ही टाकून देतो, पेटीमागे वेगळा चार्ज पडेल."

खोटं पकडता येतं ते इथेच. यूबीआयएफएस ही फाईल सिस्टिम २००८ साली लिनक्स २.६.२७ मध्ये आली. ती आणि तिच्या आधीची जेएफएफएस२ या दोन्ही बोर्डावर थेट बसवलेल्या उघड्या, म्हणजे आत कंट्रोलर नसलेल्या, फ्लॅश मेमरीच्या चिपसाठी आहेत. फ्लॅशमध्ये जुनं खोडायचं तर अख्खा ब्लॉक खोडावा लागतो आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच खोडता येतो, म्हणून झीज सगळीकडे सारखी वाटण्याचं काम तिथे सॉफ्टवेअर करतं. एसडी कार्डात आणि ईएमएमसीत (बोर्डावरच बसवलेल्या तशाच मेमरीत) हेच काम आतला कंट्रोलर करतो आणि बाहेर साधी डिस्क दाखवतो. त्यावर ईएक्सटी४ किंवा एफ२एफएससारखी फाईल सिस्टिम चालते. एसडी कार्डासाठी यूबीआयएफएस विकणाऱ्याला एकतर विषय कळत नाही, नाहीतर तो फसवतोय.

जर्नलिंगबद्दलही नीट समजून घ्या. जर्नल म्हणजे दुकानातली रोजकीर्द: व्यवहार आधी तिथे टिपायचा, मग खातेवहीत चढवायचा. पण ईएक्सटी४ मूळ सेटिंगला फक्त फायलींच्या रचनेतले बदल जर्नलमध्ये लिहिते, फायलीतला मजकूर नाही. जर्नलही साधारण ५ सेकंदांनी पक्कं होतं. नोंद खरंच उतरावी असं वाटत असेल तर प्रोग्रामला एफसिंक करावं लागतं, म्हणजे 'आत्ताच कार्डावर लिही' असा हुकूम द्यावा लागतो. आमचा प्रोग्राम ते करत होता. तरीही त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा "लिहिलं" म्हणणारं कार्ड खरोखर लिहितं.

आमची कार्डं लिहीतच नव्हती. एफ३ या मोफत साधनाने तपासलं तेव्हा कळलं की ३२ जीबी छापलेल्या कार्डात जेमतेम ८ जीबी जागा आहे. कंट्रोलर खोटा आकडा सांगतो आणि खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर चढवतो. त्यात ईएक्सटी४ आपलं जर्नल पार्टिशनच्या साधारण मध्यावर ठेवते, म्हणजे आमचं जर्नल अशा जागेत पडलं होतं, जी कार्डात मुळात नव्हतीच. वीज गेल्यावर सावरणार कशातून? आणखी एक खूण होती. लिनक्समध्ये कार्डाची सीआयडी, म्हणजे कार्डात लिहिलेली त्याची ओळख, वाचता येते. आमच्या सगळ्या कार्डांचा सिरियल नंबर एकच निघाला.

हे पुरावे पाठवल्यापासून पुरवठादार फोन उचलत नाही. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सहसा लागू होत नाही, फक्त पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतला असेल तर अपवाद आहे. म्हणून कोटेशन, बिल, व्हॉट्सॲपवरचे निरोप, सगळं जपून ठेवा. आता आमच्या ऑर्डरवर स्पष्ट लिहिलेलं असतं: प्रत्येक कार्ड पूर्ण भरून वाचल्यानंतरच पैसे. चाचणीत चालू लिहिण्यातच वीज तोडतो, पुन्हा पुन्हा.

तुमच्या पेट्यांत अशी कार्डं असण्याची शंका असेल तर लगेच एफ३ चालवू नका. ते मोकळी जागा भरत जातं आणि बनावट कार्डात त्यानेच उरलेल्या नोंदी पुसल्या जातील. आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या, मग तपासा.